सेवा किती आणि आधार किती?

जैन घरात वडीलधाऱ्यांची विचारपूस "साता आहे ना?" या शब्दांनी होते. साधू-साध्वींना वंदना केल्यावरही प्रथम सुखसाताच विचारली जाते. साठी ओलांडलेल्या श्रावक-श्राविकांकडून या प्रश्नाला मिळणारे उत्तर अलीकडे बहुतेक वेळा सारखेच असते. साता आहे, पण मांडी घालून बसवत नाही, जिना उतरताना धडकी भरते, हात खांद्याच्या वर जात नाही, सकाळी उठल्यावर खोली फिरल्यासारखी वाटते. माणसाचे आयुष्य वाढले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु वाढलेली वर्षे स्वतःच्या पायांवर काढायची की दुसऱ्याच्या हातांवर, हा प्रश्न आता घरोघरी उभा आहे. त्याचे उत्तर केवळ गोळ्यांच्या पाकिटात सापडत नाही. पुष्कळदा ते रोजच्या हालचालीत आणि ती हालचाल शिकवणाऱ्या फिजिओथेरपी नावाच्या शास्त्रात असते.

श्रीरामपूर तालुक्यातील, प्रवरेच्या काठचे बेलापूर हे जुन्या बाजारपेठेचे गाव. रेल्वेच्या वेळापत्रकातील 'बेलापूर' स्थानक प्रत्यक्षात श्रीरामपूर शहरात आहे, आणि मुंबईकडच्या माणसाला बेलापूर म्हटले की नवी मुंबईच आठवते. अशा गावांच्या पेठेतील जुनी घरे कशी असतात, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. उंच उंबरा, दगडी पायऱ्या, अंधारा अरुंद जिना, पाणी पडले की निसरडी होणारी शहाबादी फरशी आणि मागच्या अंगणाच्या टोकाला न्हाणीघर. ही घरे बांधली गेली ती चालत्याफिरत्या माणसांसाठी. धूळ, पावसाचे पाणी आणि सरपटणारे जीव बाहेर ठेवणारा तोच उंबरा म्हातारपणी माणसाला आत अडवून ठेवतो.

अशाच एका घरातील कर्त्या पुरुषाची ही हकीकत. वय एकाहत्तर. किराणा-भुसारचे दुकान मुलाच्या हाती सोपवलेले. तरी गल्ल्याशेजारची जागा त्यांचीच. घरात आणि पेठेत सारे त्यांना भाऊ म्हणत. चैत्रातल्या एका पहाटे प्रतिक्रमण आटोपून आसन गुंडाळताना त्यांच्या उजव्या हातातून मुहपत्ती गळून पडली. ती उचलायला हात वळेना. ओठ एका बाजूला ओढला गेला आणि तोंडातून शब्द जड येऊ लागले. मुलाने वेळ दवडला नाही. चेहरा वाकडा होणे, हात गळणे, बोबडे बोलणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत आणि मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे त्याला ठाऊक होते. भाऊ वेळेत रुग्णालयात पोहोचले. जीव वाचला, उजवी बाजू मात्र लुळी राहिली. आठवड्याने ते घरी आले. घरी पाठवतानाच्या कागदावर औषधांची लांबलचक यादी होती आणि सर्वांत खाली एक ओळ होती, 'फिजिओथेरपी चालू ठेवावी'. औषधे त्याच दिवशी आली. शेवटच्या ओळीकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

त्यानंतर घराने भाऊंची जी सेवा केली तिला तोड नव्हती. त्यांच्या पत्नी, ज्यांना मुले-सुना 'बाई' म्हणतात, रात्र रात्र उशाशी बसत. मुलगा सकाळी दोन्ही काखांत हात घालून त्यांना उचलून बसवी. सूनबाई चमच्याने भरवीत. कोपरगावहून थोरल्या आत्याबाई भावाच्या सेवेसाठी येऊन राहिल्या. भाऊंनी नुसती नजर वळवली की पाण्याचा पेला ओठांशी येई. कूस बदलावीशी वाटली की चार हात पुढे होत. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, सेवा असावी तर अशी.

तीन आठवडे झाले. उजवा खांदा इतका दुखू लागला की कुणी जवळ आले तरी भाऊ कण्हत. मूठ आवळली जाऊ लागली. पाऊल घोट्यापासून खाली लोंबू लागले. लुळ्या बाजूबरोबर धडधाकट असलेली डावी मांडीही बारीक झाली. बोलणे तर जवळजवळ थांबलेच. मागण्याआधीच सारे मिळत असल्यावर शब्दाची गरज तरी कशाला पडणार? एरवी कधी डोळ्यांत पाणी न आणणारे भाऊ भिंतीकडे तोंड करून रडत. घरच्यांना वाटे, सेवेत कुठे काही कमी पडते आहे.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी कागदावरच्या त्या शेवटच्या ओळीविषयी विचारले. तेव्हा कुठे श्रीरामपूरहून दुचाकीवर येणाऱ्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट ताईंना बोलावणे गेले. मालिश करून देणारे कुणी येणार, अशी घरच्यांची समजूत होती. ताईंनी प्रथम अर्धा तास केवळ पाहिले. भाऊंना उठवतात कसे, बसवतात कसे, जेवण कसे होते, हे सारे पाहून झाल्यावर त्यांनी पाण्याचा पेला उचलून भाऊंच्या उजव्या हाताला ठेवला आणि म्हणाल्या, "आजोबा, तहान लागली की मागा. कुणी आपणहून देणार नाही."

मग त्यांनी घरच्यांना चार गोष्टी सांगितल्या. पक्षाघातानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात. काखेत हात घालून किंवा दंडाला धरून ओढल्याने खांद्याचा सांधा जागेवरून खाली सरकतो आणि दुखू लागतो. म्हणून उठवताना कमरेला आधार द्यावा, हाताला नव्हे. बसताना लुळा हात उशीवर टेकलेला असावा. दर दोन तासांनी कूस बदलावी. पण त्या वळण्यात भाऊंचा वाटा असावा. पलंगाच्या कडेला, दोन्ही तळपाय जमिनीला टेकवून रोज काही वेळ बसवावे, कारण बसता आल्याशिवाय उभे राहता येत नाही. चौथी गोष्ट सर्वांत अवघड होती. जे काम भाऊ दहा मिनिटांत करू शकतील, ते दुसऱ्या कुणी एका मिनिटात करून टाकू नये.

आत्याबाईंना हे मुळीच पटले नाही. "घरात लेक-सून असताना माझ्या भावानं वाटीभर वरणासाठी अर्धा तास झगडायचं? ही कसली सेवा?" त्यांचा दुसरा आक्षेप अधिक खोल होता. हा असाता वेदनीय कर्माचा उदय आहे. तो समभावाने भोगावा. शरीराला आणखी ताण कशासाठी द्यायचा?

हा आक्षेप एकट्या आत्याबाईंचा नाही. तो पुष्कळ घरांत शब्दांनी नव्हे तर वागण्याने व्यक्त होतो, म्हणून त्याचा विचार करावयास हवा. कोणतेही कार्य घडण्यास पाच समवाय लागतात, असे जैन दर्शन सांगते: काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ. पक्षाघातातून सावरण्याची क्रिया या पाचांच्या चौकटीत पाहिली तर वैद्यकशास्त्राशी तिचा कुठेही विरोध दिसत नाही. मेंदूचा किती भाग आणि कोणता भाग दुखावला, हा आजाराचा स्वभाव. काल तर महत्त्वाचा आहेच. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. पुढेही सुधारणा होत राहते, पण सावकाश. कर्म आणि नियती आपल्या हातात नाहीत. उरतो पुरुषार्थ, आणि तो उसना घेता येत नाही. मुलाने वडिलांसाठी पैसा खर्च करावा, रात्री जागाव्यात, सारे करावे. वडिलांच्या वतीने पाय उचलणे मात्र त्याला शक्य नाही. समभाव ठेवायचा तो वेदनेविषयी. प्रयत्न सोडण्याला समभाव म्हणता येणार नाही.

यामागचे शास्त्र समजण्यास कठीण नाही. मेंदूच्या मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. पण शेजारच्या पेशी त्यांचे काम शिकू शकतात. नदीला पूर येऊन नेहमीचा रस्ता बंद झाला की लोक शेताच्या बांधावरून जाऊ लागतात. प्रारंभी ती वाट दिसतही नाही. शेकडो पावले पडल्यावर ती मळते. मेंदूतील नवी वाटही तशीच पुनःपुन्हा केलेल्या कामाने मळते. म्हणून एखादी हालचाल दिवसातून चार वेळा करून भागत नाही. ती शेकडो वेळा व्हावी लागते आणि ती रोजच्या जीवनातील खरी हालचाल असावी लागते. घास उचलणे, बटण लावणे, खुर्चीतून उठणे हीच येथे औषधे. दुसऱ्याने हात हलवून दिल्याने सांधा आखडत नाही, एवढा लाभ निश्चित आहे. परंतु मेंदू शिकतो तो माणूस स्वतः प्रयत्न करतो तेव्हा.

घरात आणखी एक अडचण निघाली. भाऊंचा चौविहार कित्येक वर्षांचा. स्वतःच्या हाताने जेवायचे तर सूर्यास्तापूर्वी ताट संपणार कसे? ताईंनी नियम मोडण्याचा सल्ला दिला नाही. सूनबाईंनीच तोड काढली आणि संध्याकाळचे जेवण अर्धा तास आधी वाढू लागल्या. जाड मुठीचा चमचा आणला, ताटाखाली ओलसर फडके पसरले की ताट सरकत नसे. पहिल्या दिवशी निम्मे वरण सदऱ्यावर आले. आत्याबाई ते पुसायला पुढे झाल्या, तेव्हा भाऊ जड जिभेने म्हणाले, "राहू दे. अजून जेवतोय." तीन आठवड्यांत त्यांच्या तोंडून निघालेले ते पहिले पूर्ण वाक्य होते. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. सांडलेले अन्न जयणेने टिपून घेण्यासाठी फडके हातात धरून त्या बाजूला बसून राहिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून भरवण्याचा आग्रह त्यांनी सोडला.

भाऊ व्यापारी गृहस्थ होते. व्यायामाचा कंटाळा येऊ लागला तेव्हा मुलाने दुकानातील लाल कापडाची एक कोरी वही आणून दिली. नातवाला शेजारी बसवून भाऊ रोजमेळ सांगू लागले. पलंगावर उठणे-बसणे दहा वेळा, जमा. टाचा टेकवून उभे राहणे पाच मिनिटे, जमा. चुकलेला व्यायाम नावे. आवर्ती ठेवीत जसा हप्ता लहान असला तरी नियमितपणालाच महत्त्व असते, तसेच येथेही होते. एका रविवारी दोन तास घाम गाळून उरलेले सहा दिवस पडून राहणाऱ्याच्या खात्यावर काही शिल्लक राहत नाही.

आषाढात चातुर्मास सुरू झाला तेव्हा भाऊ चौपायी काठी घेऊन, मुलाच्या हाताचा थोडा आधार घेत स्थानकात गेले आणि खुर्चीवर बसून त्यांनी प्रवचन ऐकले. दिवाळीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी उजव्या हाताने 'श्री' लिहिले. अक्षर वेडेवाकडे होते. येथे एक सत्य स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. त्यांची बोटे पूर्ववत झाली नाहीत. सदऱ्याचे बटण आजही दुसऱ्याला लावावे लागते आणि थकवा आला की उजवे पाऊल फरशीला घासते. फिजिओथेरपी चमत्काराचे आश्वासन देत नाही. जे उरले आहे त्याचा पूर्ण उपयोग करायला ती शिकवते. स्वतः न्हाणीघरात जाणे, स्वतः जेवणे, स्वतः स्थानकाची पायरी चढणे, एवढे परत मिळाले तर एकाहत्तराव्या वर्षी माणसाला त्याचा सन्मान परत मिळतो.

या सगळ्या धावपळीत एका व्यक्तीकडे कुणाचे लक्ष नव्हते. बाई भिंतीला हात टेकून उठतात, जिना उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवतात, हे ताईंच्या नजरेस आले. चौकशी केल्यावर कळले की दोन वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखत होते. तेल, शेक, गुडघ्याचा पट्टा, आणि असह्य झाले की दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, असा उपचार परस्पर चालला होता. रक्तदाब असलेल्या व्यक्तीने अशा गोळ्या डॉक्टरांना न विचारता दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. "वंगण संपलंय, आता काय व्हायचं?" अशी त्यांची समजूत होती.

वंगण संपले हा शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ झाला आहे, पण तो माणसाला हातपाय गाळायला लावतो. हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रव हालचालीच्या दाबाने आत-बाहेर होतो, त्यातूनच तिचे पोषण होते. दुखते म्हणून गुडघा हलवायचा नाही, म्हणजे त्याचे पोषण आणखी तोडायचे. शिवाय गुडघ्याचा भार केवळ हाडे उचलत नाहीत, मांडीचे स्नायू उचलतात. ते दुर्बल झाले की सारा भार सांध्यावर येतो. बाईंना दिलेला पहिला व्यायाम अगदी साधा होता. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच ते दहा आकडे मोजायचे, सोडायचे. असे दहा वेळा. त्यानंतर सरळ पाय उचलणे, मग उंच खुर्चीतून हात न टेकता उठणे. अशा व्यायामाचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुष्कळ लोक दुसऱ्याच आठवड्यात तो सोडून देतात.

वजनाचा हिशेबही ताईंनी मांडून दाखवला. शरीराचे वजन एक किलोने घटले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे, हे तपाच्या बारा प्रकारांपैकी एक. बाईंना हे तप ठाऊक होते. गुडघ्यांशी त्याचे नाते प्रथमच कळले. काठी घेण्यास मात्र त्या तयार होईनात. काठी म्हणजे म्हातारपणाची जाहीर नोटीस, असे त्यांना वाटे. काठी दुखऱ्या बाजूला नव्हे, तर विरुद्ध हातात धरायची असते. दोन्ही गुडघे दुखत असतील तर अधिक दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हा नियम त्यांनी एका दिवसात आत्मसात केला आणि जिन्याची भीती निम्म्याने कमी झाली.

सर्वांत मोठे शल्य सामायिकाचे होते. अठ्ठेचाळीस मिनिटे मांडी घालून बसता येत नाही, पाय पसरून बसले की आशातना होते, असे वाटून त्या सामायिकच टाळू लागल्या होत्या. चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींपुढे त्यांनी हे मोकळेपणाने मांडले. सामायिकाचा प्राण समता आहे, आसनाचा प्रकार नव्हे, असे सांगून साध्वीजींनी त्यांना खुर्चीवर बसण्याची अनुमती दिली. स्वतः साध्वीजीही दीर्घ विहारांनी झिजलेल्या गुडघ्यांमुळे काठी वापरीत होत्या. ज्यांचा सांधा फारच झिजला आहे त्यांच्यासाठी सांधेरोपण हा चांगला मार्ग आहे. मात्र त्याच्या आधी आणि नंतरही व्यायाम चुकत नाही. शस्त्रक्रियेनंतर बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली कायम उशी ठेवणाऱ्यांचा गुडघा वाकलेलाच राहण्याची भीती असते.

सांधे आणि मज्जासंस्था यांच्या बरोबरीने तिसरा विषय तोलाचा. तो सर्वांत दुर्लक्षित आहे, कारण पडेपर्यंत तो आजार वाटत नाही. शरीराचा तोल तीन साक्षीदारांवर अवलंबून असतो: डोळे, आतला कान आणि तळपायांची व सांध्यांची संवेदना. दीर्घकाळच्या मधुमेहाने तळपायांची जाणीव बोथट होते. मोतीबिंदूने नजर अंधूक होते. मग रात्री दिवा न लावता न्हाणीघराकडे निघालेल्या माणसाचे दोन साक्षीदार गैरहजर असतात आणि एका निसरड्या फरशीवर खुब्याचे हाड मोडते. चक्कर आली की 'मानेच्या मणक्यात गॅप आहे' असे निदान शेजारीपाजारीच करून टाकतात. अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद खोली गरगर फिरत असेल, तर बहुधा आतल्या कानातील सूक्ष्म खडे जागा सोडून गेलेले असतात. तज्ज्ञाने डोके ठरावीक क्रमाने वळवून केलेल्या काही मिनिटांच्या प्रयोगाने अनेकांना आराम पडतो. पर्युषणात उपवास करणाऱ्या ज्येष्ठांनी रक्तदाब व मधुमेहाच्या औषधांची मात्रा आधी डॉक्टरांना विचारून घ्यावी. तपाच्या काळातील काही चकरांचे कारण या औषधांत असते.

तोल तपासण्याची एक सोपी रीत घरीही करता येते. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. यास बारा सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर पडण्याचा धोका आहे असे समजून तज्ज्ञांना दाखवावे. तोल हा सरावाने सुधारतो. स्वयंपाकघरातील ओट्याला हात लावून एका पायावर उभे राहणे, टाचेला बोटे लावून सरळ रेषेत चालणे, असे व्यायाम जवळ कुणी असताना करावेत. कंपवाताच्या रुग्णांचे पाय दारात येऊन जणू फरशीला चिकटतात. त्यांना जमिनीवरच्या आडव्या पट्ट्या किंवा ठेक्यातील एखादे स्तवन पुढचे पाऊल टाकायला मदत करते.

भाऊंच्या घरानेही आता स्वतःला थोडे बदलून घेतले आहे. उंबऱ्याला पिवळा पट्टा मारला, त्याच्या शेजारी भिंतीत मूठ बसवली. न्हाणीघरात दोन आडवे दांडे आले. रात्रीचा मंद दिवा लागला. पायात अडकणाऱ्या सतरंज्या आणि पायपुसणी गेली. सैल सपातांच्या जागी मागे पट्टा असलेल्या चपला आल्या. सारा खर्च घरातील एका समारंभाच्या आमंत्रणपत्रिकांपेक्षा कमी झाला.

आजाऱ्याला स्वतःच्या प्रयत्नाने उभे करण्याचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पोलिओ झालेल्या स्वतःच्या मुलीला व्यायामोपचारांनी सावरताना पाहिलेल्या फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईतील पोलिओच्या साथीनंतर १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय उभे राहिले. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७५ मध्ये जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि जयपूर फूटने असंख्य पाय गमावलेल्यांना चालते केले. आपल्या जिल्ह्यात आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने जैन सोशल फेडरेशनने नगरला उभारलेले रुग्णालय सर्व समाजाची सेवा करीत आहे. बेलापूरपासून फार दूर नसलेल्या लोणी येथे प्रवरा परिवाराचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. तेव्हा ज्ञानाची किंवा माणसांची वाण नाही. रुग्णालयाच्या कागदावरची शेवटची ओळ वाचणारे घर हवे.

संघांनाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. स्थानकाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या एका खोलीत आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्टला मानधन देऊन बोलावता येईल. वॉकर, चौपायी काठी, चाकांची खुर्ची, कमोड खुर्ची अशी साधने संघाने ठेवून गरजू कुटुंबांना, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, तात्पुरती द्यावीत. स्थानकाच्या पायऱ्यांना कठडा आणि हात असलेल्या चार उंच खुर्च्या, एवढे तर लगेच होऊ शकते. ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन पर्युषणाच्या आसपासच येतो. त्या दिवसांत ज्येष्ठांची तोल-तपासणी ठेवली तर तीही धर्माराधनाच होय.

वैयावृत्त्याला आपल्या आचार्यांनी आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. ते तप आहे म्हणजे त्यात काही सोसणे आले. आजाऱ्याला भरवणे, उचलणे हे सेवकाला समाधान देणारे आहे आणि गरज असेल तेव्हा ते केलेच पाहिजे. पण वडील थरथरत्या हाताने घास उचलत असताना हात पुढे न करता शेजारी बसून राहणे, ते उठू पाहत असताना उचलण्याऐवजी कमरेशी केवळ हात धरून ठेवणे, हे अधिक कठीण तप आहे. भाऊंच्या घरातील माणसे ते रोज करतात. आत्याबाई कोपरगावला परत गेल्या आहेत आणि फोनवर आता त्या भावाला सातेबरोबर आणखी एक प्रश्न विचारतात: आज वहीत किती जमा झाले?